बंद होण्याच्या कसोटीवर: आयबीएम आयवरील एचटीटीपी सर्व्हरचे परीक्षण

प्रस्तुत परीक्षण आयबीएम आय या कार्यप्रणालीबरोबर मिळणाऱ्या ‘एचटीटीपी सर्व्हर फॉर आय’ या वेब सर्व्हरचे आहे, आणि तेही त्याच्या एकाच अंगाचे: चालू असलेला सर्व्हर व्यवस्थित बंद करणे. त्याचा वेग, त्याची सुरक्षा किंवा त्यावर कोणकोणत्या भाषांतील प्रोग्रॅम चालतात, यांविषयी येथे काही लिहिलेले नाही. पुण्यात बसून अमेरिकेतील ग्राहकांची यंत्रे सांभाळणाऱ्या एका चमूत मी बरीच वर्षे काम करत आहे. आमच्याकडे सर्व्हर सुरू करण्याचे काम बहुधा यंत्र स्वतःच करते. बंद करण्याचे काम मात्र माणसाच्या वाट्याला येते, कारण आठवड्याचा पूर्ण बॅकअप घेणे, पीटीएफ (आयबीएमकडून येणाऱ्या दुरुस्त्या) चढवणे किंवा नव्याने कंपाइल केलेला प्रोग्रॅम अमलात आणणे, यांपैकी काहीही करायचे झाले की आधी सर्व्हर थांबवावा लागतो. न्यूयॉर्कच्या घड्याळात शनिवारची मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात, तिकडे उन्हाळा असेल तर रविवार सकाळचे साडेनऊ आणि हिवाळा असेल तर साडेदहा वाजलेले असतात. म्हणजे घरोघरी पोह्यांच्या बशा फिरत असताना आम्ही कोणाचा तरी वेब सर्व्हर थांबवत असतो. पुढील मते त्या रविवारांतून बनलेली आहेत.

ज्यांचा या यंत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. मेनफ्रेमपेक्षा लहान आणि टेबलावरच्या संगणकापेक्षा पुष्कळ मोठे अशा यंत्रांना मिडरेंज म्हणतात. आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० जाहीर केले. सिस्टम/३६ आणि सिस्टम/३८ या आधीच्या दोन यंत्रांचा वारसा त्यात एकत्र आला होता आणि त्याची घडण मिनेसोटातील रॉचेस्टर येथे झाली. पुढे २००० मध्ये त्याचे आयसिरीज झाले, २००६ मध्ये सिस्टम आय झाले, आणि २००८ मध्ये यंत्राला पॉवर सिस्टम्स व कार्यप्रणालीला आयबीएम आय असे नाव मिळाले. एवढी बारशी होऊनही कामावरची माणसे बोलताना ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात. त्यावरचा वेब सर्व्हर आधी आयबीएमचा स्वतःचा होता. २००० च्या सुमारास व्ही४आर५ या आवृत्तीबरोबर अपाचे या वेब सर्व्हरवर आधारलेला सर्व्हर आला आणि २००४ च्या व्ही५आर३ पासून तोच एकटा उरला. म्हणजे आतला गाभा जगभर चालणाऱ्या अपाचेचाच आहे, परंतु त्याला थांबवण्याची रीत सर्वस्वी या यंत्राची आहे. लिनक्सवरून आलेला माणूस नेमका इथेच चुकतो. कमांडींची नावे मी आम्ही ती तोंडाने जशी म्हणतो तशीच पुढे लिहिली आहेत; त्यांतील ‘स्टार’ म्हणजे नावाआधी येणारे चांदणीचे चिन्ह होय.

या यंत्रावर प्रत्येक काम हा एक जॉब असतो, प्रत्येक जॉबला क्रमांक, वापरकर्ता आणि नाव असे तीन पदरी नाव असते, आणि प्रत्येक जॉब कुठल्या ना कुठल्या सबसिस्टममध्ये नांदतो. वेब सर्व्हरचे घर क्यूएचटीटीपीएसव्हीआर नावाच्या सबसिस्टममध्ये आहे. ‘वर्क अ‍ॅक्ट जॉब’ ही कमांड त्या सबसिस्टमचे नाव देऊन चालवली की हिरव्या पडद्यावर, म्हणजे या यंत्राच्या अक्षरी टर्मिनलवर, तिथली सगळी बिऱ्हाडे दिसतात, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तिथेच होतो, कारण एकाच नावाचे चार-पाच जॉब ओळीने उभे असतात. उत्पादनाबरोबर येणारा नमुन्याचा इन्स्टन्स (स्वतःचे नाव असलेला एक स्वतंत्र सर्व्हर) अपाचेडीएफटी चालू असेल, तर त्याच नावाच्या ओळी एकाखाली एक दिसतात आणि सगळ्यांचा वापरकर्ता बहुधा क्यूटीएमएचएचटीटीपी असतो. फरक कळतो तो ‘फंक्शन’ या रकान्यातून: क्यूझेडएचबीमेन लिहिलेला जॉब हा कारभारी, क्यूझेडएसआरएचटीटीपी लिहिलेले जॉब प्रत्यक्ष विनंत्या हाताळणारे, क्यूझेडएसआरलॉग हा नोंदी लिहिणारा, आणि क्यूझेडएसआरसीजीआय हे आरपीजीसारख्या भाषांतील प्रोग्रॅम चालवणारे. एका सर्व्हरला बंद करायचे म्हणजे या सबंध कुटुंबाला, कारभाऱ्याच्या हातून आणि ठराविक क्रमाने, बाहेर न्यायचे. हे ध्यानात आले की पुढची निम्मी चूक टळते.

त्यासाठी योग्य कमांड एकच आहे, ‘एंड टीसीपी सर्व्हर’. तिच्या सर्व्हर या जागी स्टार एचटीटीपी आणि एचटीटीपीएसव्हीआर या जागी आपल्या इन्स्टन्सचे नाव द्यायचे. कमांड लिहून एफ४ दाबले की प्रॉम्प्ट येतो आणि कुठे काय लिहायचे ते पाठ असण्याची गरज राहत नाही. एफ१ दाबले की त्या त्या रकान्याचे स्पष्टीकरण मिळते. या यंत्राच्या प्रॉम्प्टइतकी सभ्य सोय मी अन्यत्र क्वचितच पाहिली आहे, आणि सर्व्हर बंद करण्यासारख्या, चुकले तर महागात पडणाऱ्या कामात तिची किंमत फार मोठी आहे. कमांड गेली की कारभारी जॉबला थांबण्याचा निरोप मिळतो, तो आपल्या हाताखालच्या जॉबना आवरायला लावतो, आणि थोड्या वेळात त्या नावाच्या ओळी पडद्यावरून एकेक करून नाहीशा होतात. सर्व्हरवर भार नसेल तर हे सगळे काही सेकंदांत आटोपते. सीजीआय जॉबमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या प्रोग्रॅम चालवणाऱ्या जॉबमध्ये, एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल तर त्याहून जास्त वेळ जातो.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार याच ठिकाणी आहे. कमांड आपले काम संपण्याआधी परत येते. पडद्यावर निरोप येतो तो सर्व्हर ‘बंद होत आहे’ अशा अर्थाचा असतो, ‘बंद झाला’ अशा अर्थाचा नव्हे. आणि रात्री चालणाऱ्या सीएल (या यंत्राच्या कमांडींची भाषा) प्रोग्रॅममध्ये पुढची ओळ तत्काळ सुरू होते. पुढची ओळ जर लायब्ररीचा (प्रोग्रॅम आणि फाइल्स ठेवण्याच्या कप्प्याचा) बॅकअप घेणारी असेल, तर तिला अजून उघड्या असलेल्या फाइल्स लागतात, काही वस्तू वापरात असल्याचे सांगून त्या वगळल्या जातात, आणि सकाळी अहवाल वाचणाऱ्याला बॅकअप अर्धवट का झाला याचा शोध घ्यावा लागतो. लिनक्सवर ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ म्हटले की ती कमांड सेवा खरोखर थांबेपर्यंत तिथेच उभी राहते आणि वेगळे काही ठरवलेले नसेल तर सर्वसाधारणपणे ९० सेकंदांनंतर सेवा जबरदस्तीने संपवते. ती रीतही निर्दोष नाही, पण निदान परत आलेल्या कमांडीवर विश्वास ठेवता येतो. एंड टीसीपी सर्व्हरच्या प्रॉम्प्टमध्ये ‘थांबेपर्यंत वाट पाहा’ असा रकाना नाही. हाती घेतलेल्या विनंत्या पुऱ्या करून मगच थांबण्याचा, अपाचेमध्ये अन्यत्र मिळणारा ‘ग्रेसफुल स्टॉप’ही तिथे वेगळा पर्याय म्हणून निवडता येत नाही. जॉब संपवण्याच्या कमांडीत नियंत्रितपणे की तत्काळ, आणि किती सेकंदांची सवलत देऊन, हे सगळे विचारणाऱ्या कार्यप्रणालीने वेब सर्व्हरच्या बाबतीत एवढा अबोला का धरावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

या उणिवेवर सर्वत्र जो उपाय रूढ झाला तो म्हणजे ‘डिले जॉब’. सर्व्हर थांबवण्याची कमांड, तिच्याखाली ३०० सेकंद थांबण्याची कमांड, आणि मग बॅकअप. ३०० का, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. कोणीतरी कधीतरी ठरवले आणि ते चालत आले. हा सगळा अंदाजपंचे कारभार आहे: बहुतेक रात्री २८० सेकंद फुकट जातात आणि ज्या रात्री खरी गरज असते त्या रात्री ३०० पुरत नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत यावर चांगला मार्ग निघाला आहे. क्यूएसवायएस२ या स्कीमात ‘अ‍ॅक्टिव्ह जॉब इन्फो’ नावाचे टेबल फंक्शन आहे. त्याला सबसिस्टमचे नाव दिले की तिथले चालू जॉब एसक्यूएलच्या उत्तरात ओळींच्या रूपाने मिळतात, आणि आपल्या इन्स्टन्सच्या नावाच्या ओळी शून्य होईपर्यंत दर दहा सेकंदांनी विचारत राहता येते. सीएलमधील ‘रन एसक्यूएल’ कमांड थेट सिलेक्ट चालवत नसल्यामुळे उत्तर आधी क्यूटेम्प या जॉबपुरत्या तात्पुरत्या लायब्ररीतील एका छोट्या टेबलात उतरवावे लागते आणि मग ते वाचावे लागते. हा वळसा थोडा कंटाळवाणा आहे, पण एकदा लिहून ठेवला की पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही. आमच्या चमूत हा प्रोग्रॅम साधारण ५० ओळींचा आहे. पाच मिनिटांची कमाल मर्यादा त्यातही आहे, फरक इतकाच की ती गाठली गेली तर प्रोग्रॅम मुकाट्याने पुढे न जाता ऑपरेटरच्या निरोपांच्या रांगेत प्रश्न टाकतो.

जॉब गेले म्हणजे पोर्टही (सर्व्हर ज्या क्रमांकावर विनंत्या ऐकतो तो) मोकळा झाला, असे लगेच धरून चालू नये. ‘नेटस्टॅट’ कमांड स्टार सीएनएन हा पर्याय देऊन चालवली की जोडण्यांची यादी येते आणि एफ१४ दाबल्यावर पोर्टची नावे जाऊन क्रमांक दिसतात. तिथे आपल्या पोर्टवर ऐकणारी ओळ उरलेली नसावी. काही ओळी ‘टाइम वेट’ या अवस्थेत दिसल्या तर घाबरण्याचे कारण नाही. जोडणी संपल्यानंतर काही काळ तिची आठवण ठेवण्याची टीसीपीची ती रीतच आहे आणि त्या आपोआप जातात. याउलट ऐकणारी ओळ तशीच असेल तर तिच्यापुढे ८ लिहून ती कोणत्या जॉबची आहे ते पाहावे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो जॉब आपल्या सर्व्हरचा नसतो, तर त्याच पोर्टवर कोणीतरी चाचणीसाठी उभा केलेला दुसराच इन्स्टन्स निघतो.

दुसरी तक्रार ‘स्टार ऑल’विषयी आहे. स्टार एचटीटीपी लिहिले आणि इन्स्टन्सचे नाव द्यायचे राहिले, तर कमांड सगळेच इन्स्टन्स असा अर्थ घेते आणि विचारणा न करता कामाला लागते. विकासासाठीच्या यंत्रावर प्रत्येक चमूचा एकेक इन्स्टन्स असतो. तिथे एका राहून गेलेल्या नावामुळे अख्ख्या मजल्यावरून ‘माझे पान का उघडत नाही’ अशा हाका सुरू होतात. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे सर्व्हर याच जागी स्टार ऑल जाणे, कारण मग वेब सर्व्हरबरोबर एफटीपी आणि टेलनेटसह टीसीपीवरचे इतर सर्व्हरही थांबतात. हिरवा पडदा टेलनेटवरच चालतो. त्यामुळे कमांड देणाऱ्याचे स्वतःचे सत्रही जाते आणि परत येण्याची वाट कन्सोलवरून उरते. एका ग्राहकाकडे, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, दुपारच्या ऐन वेळी असे घडलेले मी पाहिले आहे. कन्सोल ज्या खोलीत होता तिची किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस जेवायला गेला होता, एवढेच सांगतो. यंत्र संपूर्ण बंद करण्याच्या ‘पॉवर डाउन सिस’ कमांडीसाठी खातरजमेची सोय आहे, तशी एखादी इथेही असती तर बिघडले नसते. ती येईपर्यंत आम्ही आमचीच एक छोटी कमांड बनवली आहे, जिच्यात इन्स्टन्सचे नाव दिल्याशिवाय एंटर पुढे जातच नाही.

आता चुकीच्या मार्गांविषयी, कारण या उत्पादनाचे खरे गुण त्यांतूनच दिसतात. सर्वांत सामान्य चूक म्हणजे वर्क अ‍ॅक्ट जॉबच्या यादीत सर्व्हरच्या एखाद्या ओळीपुढे ४ लिहून ती संपवणे. सुरुवातीच्या काळात मीही हे केले आहे. विनंत्या हाताळणारा जॉब मी तत्काळ संपवला, यादी ताजी केली आणि पाहतो तो त्याच नावाच्या ओळी होत्या तितक्याच. पुन्हा संपवला, पुन्हा तेच. रक्तबीजाची गोष्ट आठवून मी चक्क हसलो. नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कारण समजावले. या सर्व्हरला ‘हॉट बॅकअप’ नावाचा एक निर्देश आहे आणि तो मुळातच चालू असतो: प्रत्यक्ष काम करणाऱ्या जॉबच्या जोडीला एक राखीव जॉब तयार ठेवलेला असतो, पहिला पडला की राखीव जॉब त्याची जागा घेतो आणि नवा राखीव जॉब जन्माला येतो. म्हणजे मी ज्याला बिघाड समजत होतो ती सर्व्हरची टिकून राहण्याची व्यवस्था होती. उत्पादनाच्या बाजूने हा मोठा गुण आहे, पण त्यावरून हेही स्पष्ट होते की मूळ कारभाऱ्याला बाजूला ठेवून हा सर्व्हर बंद करता येत नाही.

कधी कधी मात्र योग्य कमांड देऊनही एखादा जॉब हटत नाही. अशा वेळी आधी कारण पाहावे. त्या जॉबच्या मेनूतील १० हा पर्याय जॉब लॉग दाखवतो, ११ कॉल स्टॅक (कोणता प्रोग्रॅम कुठे थांबला आहे ते) आणि १२ कुलुपे. या तीन पडद्यांवर जवळजवळ नेहमीच उत्तर असते. एखादा आरपीजी प्रोग्रॅम दुसऱ्या जॉबने धरून ठेवलेल्या नोंदीची वाट पाहत असतो, किंवा कुठल्याशा निरोपाच्या उत्तरासाठी ताटकळत असतो. निरोपाला उत्तर दिले की गाडी पुढे सरकते. तसे नसेल तर ‘एंड जॉब’ स्टार कंट्रोल्ड देऊन संपवावा. तिची मुळातली सवलत ३० सेकंदांची आहे. त्यानेही भागले नाही तर स्टार इमेड, म्हणजे तत्काळ. हा क्रम सोडून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारण्याची ओढ रात्री तीन वाजता फार असते, हे मी जाणतो.

त्यापलीकडे ‘एंड जॉब एबीएन’ नावाची आणखी एक कमांड आहे आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ती पुस्तकात शोधून काढणारे उत्साही लोक दरवर्षी भेटतात. तत्काळ संपवण्याचा आदेश देऊन दहा मिनिटे उलटल्याशिवाय कार्यप्रणाली ती चालवूच देत नाही. यावरून तिच्या कर्त्यांना तिचा किती धाक होता ते दिसते. ती वापरली की जॉबच्या शेवटी होणारी आवराआवर अर्धवट राहते आणि यंत्राच्या पुढच्या आयपीएलची (यंत्र नव्याने सुरू होण्याची) नोंद ‘आधी असामान्य रीतीने बंद झालेले’ अशी होते, ज्यामुळे त्या वेळी जास्तीच्या तपासण्या होऊन सुरू व्हायला अधिक वेळ लागू शकतो. एका वेब सर्व्हरच्या हट्टी जॉबसाठी सबंध यंत्राच्या माथी हा शिक्का मारणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे. एवढ्या वर्षांत मला वेब सर्व्हरसाठी ती एकदाही वापरावी लागली नाही.

घाईने बंद केल्याने नेमके काय बिघडते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि ‘वेब सर्व्हर तर आहे, त्यात काय’ असे त्याचे उत्तरही विचारणाराच देतो. इतर यंत्रांवर ते काही अंशी खरे असेल. या यंत्रावर वेब सर्व्हरच्या पोटात धंद्याचा व्यवहार चालतो: सीजीआय जॉबमधील आरपीजी प्रोग्रॅम, सामान्यतः क्यूटीएमएचएचटीपी१ या प्रोफाइलखाली, डीबी२ या डेटाबेसमधील फाइल्स थेट उघडून त्यांत लिहीत असतो. तो प्रोग्रॅम कमिटमेंट कंट्रोलखाली चालत असेल तर जॉब मध्येच संपला तरी पुरे न झालेले बदल मागे घेतले जातात आणि माहिती शाबूत राहते. परंतु दोन-तीन दशकांपूर्वी लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅमांत ती सोय वापरलेलीच नाही. एका मालवितरकाच्या यंत्रावर, माझा संबंध येण्यापूर्वी, रात्रीच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचे जॉब सरसकट तत्काळ संपवण्याची ओळ लिहिलेली होती. मागणीची मुख्य नोंद लिहून झाली आहे आणि तिच्या मालाच्या ओळी लिहायच्या राहिल्या आहेत, अशा अवस्थेतील मागण्या तिथे दर काही आठवड्यांनी सापडत, आणि त्या हाताने निस्तरण्यासाठी एक कर्मचारी सोमवारची सकाळ खर्ची घालत असे. तो दोष वेब सर्व्हरचा नव्हताच. ती ओळ काढून तिच्या जागी योग्य कमांड आणि वाट पाहणारा प्रोग्रॅम बसवल्यावर त्या अनाथ मागण्या येणे थांबले.

सर्व्हरच्या पुढे आणि मागे काय आहे याचाही विचार करावा लागतो. पुढे भार वाटणारे उपकरण असेल तर त्यातून हे यंत्र आधी बाजूला काढावे, म्हणजे नव्या विनंत्या येणे थांबते आणि आतल्या पुऱ्या होण्यास सवड मिळते. ग्रेसफुल स्टॉपची उणीव आम्ही याच रीतीने भरून काढतो. मागे वेबस्फिअरसारखा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर असेल तर तो स्वतःच्या निराळ्या सबसिस्टममध्ये राहतो, एंड टीसीपी सर्व्हरला तो बधत नाही, आणि त्याला त्याच्या स्वतःच्या स्क्रिप्टने वेब सर्व्हरच्या नंतर थांबवावे लागते. काही जण सबसिस्टमच संपवून सगळा प्रश्न एका फटक्यात सोडवू पाहतात. मात्र क्यूएचटीटीपीएसव्हीआरमध्ये आपल्या इन्स्टन्सखेरीज प्रशासनाचे आणि वेब सेवांचे सर्व्हरही राहतात. वाडा रिकामा करायचा नसून एकाच बिऱ्हाडाला हलवायचे असेल, तर हा उपाय चुकीचा आहे. संपूर्ण यंत्राचा बॅकअप घेणाऱ्या ‘गो सेव्ह’मधील २१ हा पर्याय स्वतः सगळ्या सबसिस्टम तत्काळ संपवतो, म्हणून तो सुरू करण्याआधी वेब सर्व्हर सभ्यपणे थांबवून घेणे केव्हाही चांगले.

जिथे बंद करण्याची गरजच नसते तिथे मात्र हे उत्पादन मनापासून आवडते. केवळ कॉन्फिगरेशनमधील एखादी ओळ बदलली असेल, तर ‘स्टार्ट टीसीपी सर्व्हर’ कमांडीत रीस्टार्ट या जागी स्टार एचटीटीपी लिहून इन्स्टन्सचे नाव दिले की सर्व्हर नवे कॉन्फिगरेशन वाचून घेतो, आणि वापरणाऱ्यांना क्वचितच काही जाणवते. पण नवा आरपीजी प्रोग्रॅम कंपाइल करून तो लगेच दिसू लागेल अशी अपेक्षा करू नये. जुना प्रोग्रॅम क्यूआरपीएलओबीजे या लायब्ररीत हलवला जातो, आणि ज्या सीजीआय जॉबने तो आधीच उघडून ठेवला आहे तो त्याच जुन्या प्रतीवर काम करत राहतो. ‘मी तर दुरुस्ती केली होती’ असे शपथेवर सांगणारा प्रोग्रॅमर आणि ‘चूक अजून तशीच आहे’ असे सांगणारा ग्राहक दोघेही तेव्हा खरे बोलत असतात. अशा प्रसंगी इन्स्टन्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे हाच मार्ग मी धरतो.

कमांड लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी २००१ या पोर्टवर ब्राउझरमधून चालणारे प्रशासनाचे पान आहे. तिथे इन्स्टन्सची यादी, प्रत्येकाची अवस्था आणि थांबवण्याचे बटण मिळते. यादीतून निवडूनच बंद करायचे असल्यामुळे नाव विसरण्याचा धोका नाही आणि अवस्था ‘थांबत आहे’वरून ‘थांबला’ अशी बदललेली डोळ्यांनी दिसते. एकट्या माणसाने दिवसा एखादा सर्व्हर थांबवायचा असेल तर मी हेच पान सुचवीन. त्याचा संथपणा सहन करावा लागतो, आणि हे पान दाखवणारा अ‍ॅडमिन नावाचा सर्व्हरही त्याच कुटुंबातला असल्यामुळे त्याला इथून थांबवणे म्हणजे बसलेली फांदी तोडणे आहे. रात्रीच्या स्वयंचलित कामाला मात्र या पानाचा उपयोग नाही. तिथे कमांडच हवी.

शेवटचा मुद्दा परतीचा आहे, आणि तो बंद करण्याच्या परीक्षणात येतो याचे कारण त्याची तयारी बंद करण्याआधीच करावी लागते. प्रत्येक इन्स्टन्सच्या व्याख्येत, जी क्यूयूएसआरएसवायएस लायब्ररीतील क्यूएटीएमएचआयएनएसटीसी या फाइलीत साठवलेली असते, तो टीसीपीबरोबर आपोआप सुरू व्हावा की नाही, की सर्वांसाठी ठरवलेला नियम पाळावा, हे लिहिलेले असते. कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी हाताने सुरू केलेला आणि तेव्हापासून चाललेला इन्स्टन्स आयपीएलनंतर परत येत नाही, आणि त्याची आठवण सोमवारी सकाळी न्यूयॉर्कला पहिला वापरकर्ता आला की, म्हणजे पुण्यात संध्याकाळी, फोनवरून करून दिली जाते. असा फोन मी दोनदा घेतला आहे. त्यानंतर आमच्या प्रोग्रॅममध्ये एक पायरी वाढली: थांबवण्याची कमांड देण्यापूर्वी त्या सबसिस्टममधील इन्स्टन्सची यादी एका फाइलीत उतरवून घेतली जाते, सगळे पुन्हा सुरू झाल्यावर तीच क्वेरी परत चालते, आणि पहिल्या यादीतील जे नाव दुसरीत नसेल ते ऑपरेटरच्या पडद्यावर येते. मागच्या रविवारी तिथे एक नाव आले. कोणाचे ते विचारायला फोन केला, तर तो इन्स्टन्स चालवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला होता आणि त्याच्या जागी आलेल्याला तो चालू आहे हेच ठाऊक नव्हते. तो आम्ही बंदच ठेवला आहे.